सगळीकडे सारखं दिसणारं उत्तर

विनंती विभागात रोज साधारण नऊ हजार विनंत्या येत, आणि त्यांतली पहिली कशासाठी आली आहे हे कळेपर्यंत दुसऱ्या दिवसाच्या नऊ हजार दारात उभ्या राहत. विभागाची याबद्दल काही तक्रार नव्हती. विनंत्या येतात याचा अर्थ लोकांचा आपल्यावर विश्वास आहे, असं साहेब प्रत्येक बैठकीत सांगत. त्या विश्वासाला तडा जाऊ नये म्हणून विनंत्यांना शक्यतो कुणी हात लावत नसे.

शहरात काहीही हवं असलं, मग तो नळ असो, रस्त्यावरचा दिवा असो की इस्पितळातली ऑपरेशनची तारीख असो, माणसाने विभागाच्या वेबसाइटवर जाऊन फॉर्म भरायचा असा नियम होता. दुसरी वाट ठेवलेलीच नव्हती. या सगळ्या वेबसाइटी एकाच फ्रेमवर्कवर, म्हणजे एकाच सांगाड्यावर उभ्या होत्या, आणि त्या सांगाड्याचं नाव होतं 'सुलभ'. अकरा वर्षांपूर्वी पाच जणांनी मिळून ते लिहिलं होतं. त्यांतले चौघे शहाणे निघाले आणि नोकरी सोडून गेले. पाचवे मास्तर.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. कुणी काही विचारलं की ते उठून फळ्यावर बाण काढत समजावू लागत, म्हणून हे नाव पडलं. त्यांच्या फळ्यावर कायम चौदा चौकोन असत, कारण 'सुलभ'मध्ये शिरलेल्या विनंतीला चौदा टप्प्यांवर हजेरी लावावी लागे. पहिला टप्पा विनंती कुठल्या ब्राउझरमधून आली ते पाही. दुसरा, पहिल्याने नीट पाहिलं की नाही ते पाही. सहावा टप्पा एका निवृत्त अधिकाऱ्याने घालून दिला होता आणि तो काय करतो हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे तो काढायची कुणाची छाती होत नव्हती. एकदा मास्तरांनी तो गुपचूप बंद करून पाहिला, तर सगळं दुप्पट वेगाने चालू लागलं. तेव्हा घाबरून त्यांनी तो परत सुरू केला.

अशा या विभागाला एका सोमवारी वरून परिपत्रक आलं. तीन महिन्यांच्या आत विनंती-हाताळणी सुलभ करावी आणि वेबसाइट सर्व ब्राउझरांमध्ये एकसारखी दिसेल असं करावं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा ऊर भरून आला. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी फावल्या वेळात चौदाचे तीन टप्पे करून ठेवले होते: विनंती वाचा, काम करा, उत्तर द्या. कुणी मागत नव्हतं म्हणून ते पडून होतं, एवढंच.

त्याच सोमवारी संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा आई खिडकीपाशी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसली होती. कागद नाकाला टेकला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ही गोष्ट ती मास्तरांना पाच महिने सांगत होती. मास्तर पाच महिने "हो आई, बघतो" म्हणत होते. शेवटी बायकोच त्या दिवशी आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती.

"उजवा फार पिकलाय म्हणाले," बायको म्हणाली. "तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. उशीर झाला तर आत दाब वाढतो, मग गेलेली नजर परत येत नाही. तारीख तुमच्या वेबसाइटवरूनच घ्यायची आहे."

"घरचंच तर आहे," आई म्हणाली. "तेवढं नाव नोंदव रे."

"हो आई, बघतो," मास्तर म्हणाले. या खेपेला त्यांच्या मनात खरोखरच बघायचं होतं. पण दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती अशी एक चूक त्यांनी केली. जुन्या वेबसाइटवर फॉर्म भरला तर तो चौदा टप्प्यांत अडकेल, आठ दिवसांत आपली नवीन तीन टप्प्यांची तयार होतेच आहे, तेव्हा आईचं नाव तिच्यातूनच पहिलं घालू, असं त्यांनी ठरवलं. स्वतः केलेल्या वस्तूचं उद्घाटन आईच्या हातून व्हावं, असं कुणाला वाटत नाही?

आठव्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये प्रात्यक्षिक झालं. आता साहेबांच्या संगणकाविषयी सांगायला हवं. त्याच्यात बारा वर्षांपूर्वीचा ब्राउझर होता. तो बदलायला परवानगी लागे, आणि परवानगीचा फॉर्म त्या ब्राउझरमध्ये उघडत नसे. विभागात सात प्रकारच्या ब्राउझरांवर तपासणी करण्यासाठी एक तपासनीस बाई नेमलेल्या होत्या. त्या डोळ्यांत तेल घालून तपासत आणि जाडजूड रजिस्टरात बरोबरच्या खुणा करत. पण वेबसाइट नीट चालते की नाही हे अखेर साहेबांच्या टेबलावरच ठरे.

साहेबांनी फॉर्म उघडला. तारीख निवडायच्या जागी करडा चौकोन दिसला.

"इथे काय आहे?"

"कॅलेंडर आहे साहेब. तुमचा ब्राउझर जुना आहे म्हणून दिसत नाही. बाकी सहांमध्ये दिसतं."

"म्हणजे काही नागरिकांना दिसणार आणि काहींना नाही," साहेब गंभीर झाले. "मास्तर, हा भेदभाव झाला. परिपत्रकात 'एकसारखी' असा शब्द आहे. जे एकाला दिसत नाही ते कुणालाच दिसता कामा नये."

"साहेब, ब्राउझर बदलला तर..."

"नागरिकाला बदलायला सांगणारे आपण कोण?"

दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, ते असं. पण साहेबांच्या म्हणण्यात तर्काची चूक काढता येत नव्हती, आणि 'समान दर्शन धोरण' त्याच दुपारी टाइप होऊन सही झालं. कॅलेंडर गेलं. मग तारीख हाताने लिहायची ठरली, तर एक ब्राउझर दिवसाचा आकडा आधी दाखवी आणि दुसरा महिन्याचा. तारीख गेली. इस्पितळांची यादी एका ब्राउझरमध्ये फोनच्या कीबोर्डमागे लपत होती, ती गेली. डॉक्टरांचा कागद जोडायचं बटण एकात हिरवं दिसे आणि एकात निळं, म्हणून तेही गेलं. एकेक गोष्ट काढली की तपासनीस बाईंच्या रजिस्टरात सातही रकान्यांत बरोबरच्या खुणा पडत. अकरा वर्षांत इतक्या खुणा त्यांनी केल्या नव्हत्या.

"मास्तर, उद्या आडनाव काढायचं आहे," एके दिवशी त्या रजिस्टर मिटत म्हणाल्या. "लांब आडनावं एका ब्राउझरमध्ये दुसऱ्या ओळीवर जातात."

"मग माणूस ओळखायचा कसा?"

"ते माझ्या रकान्यात येत नाही," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्या आईंचं नाव घातलंत का?"

"नवीन चालू झालं की घालतोच."

"काय घालणार? तारीख, इस्पितळ आपण काढलंच, उद्या आडनावही जाईल."

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. चौदांच्या जागी काढलेले त्यांचे तीन चौकोन तिथे होते आणि अजून देखणे दिसत होते.

पाचव्या आठवड्यात फॉर्मवर एक मोठी रिकामी चौकट आणि तिच्याखाली एक बटण एवढंच शिल्लक राहिलं. लोक त्या चौकटीत मनाला येईल ते लिहीत. 'मागच्या वेळचंच परत सांगतो' अशी एक विनंती आली होती. 'तुम्हाला माहीतच आहे' अशा तेवीस. मास्तर साहेबांकडे गेले आणि म्हणाले की विनंती कुणाची आणि कशाची हेच कळत नाही, तेव्हा ती हाताळायची कशी हे साहेबांनीच सांगावं.

साहेबांनी विचारलं, "मास्तर, घरी कोण कोण असतं?"

"आई, बायको, मुलगी."

"त्या तुम्हाला कामं सांगत असतील."

"सांगतात की."

"दिवसाला किती?"

"असतील वीस-पंचवीस."

"ती सगळी हाताळता?"

"हाताळतो म्हणजे..." मास्तर चाचरले. "हो, बघतो असं म्हणतो."

"मग?"

"मग त्या जातात."

"काम होतं?"

"होतंच असं नाही."

"तक्रार येत असेल."

"येते. तेव्हाही हो, बघतो म्हणतो."

साहेब खुर्चीत ताठ बसले. "किती वर्षं चाललंय हे?"

"लग्नाला एकोणीस झाली. आईचं त्याच्याही आधीपासून."

"आणि मध्ये कधी बंद पडलं?"

"बंद पडलं असं नाही."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि कागदावर लिहून घेतलं. "एकोणीस वर्षं अखंड सेवा. तुमच्या त्या चौदा टप्प्यांनी सलग एकोणीस दिवस काढले नाहीत. मास्तर, घरात एवढी चोख व्यवस्था असताना तुम्ही इथे फळ्यावर चौकोन काढत बसलात?"

मास्तरांना कौतुक झालं की अपमान, ते समजेना. साहेब उठून त्यांच्याबरोबर फळ्यापाशी आले. तीन चौकोन त्यांनी नीट वाचले. वाचा, करा, उत्तर द्या.

"यातलं नागरिकाला दिसतं काय?"

"उत्तर."

"वाचणं कुठल्या ब्राउझरमध्ये दिसतं?"

"कुठल्याच नाही."

"आणि करणं?"

"तेही नाही."

"मग ते ठेवून सुसंगतता कशी साधणार?" असं म्हणून साहेबांनी डस्टर उचललं आणि पहिले दोन चौकोन पुसले. "तात्पुरतं हं. तिमाही जाऊ दे, मग परत जोडू."

मास्तरांना आईचा उजवा डोळा आठवला. हे चुकतंय, हे त्यांना लख्ख कळत होतं. तोंड उघडून तसं सांगायला फक्त एक वाक्य लागलं असतं. पण वरिष्ठ काही म्हणाले की जे वाक्य जिभेवर आपोआप येतं तेच आलं. "हो साहेब, बघतो," ते म्हणाले, आणि त्यांच्या आयुष्यात हे म्हटल्यावर काम ताबडतोब होण्याचा हा एकच प्रसंग घडला. दुपारपर्यंत चार ओळींचा कोड तयार झाला. पुसलेल्या दोन टप्प्यांचा कोड त्यांनी 'नंतर' नावाच्या फाइलमध्ये ठेवला. वेबसाइटवर आता कुणी काहीही लिहिलं तरी एकच उत्तर येई: 'आपली विनंती प्राप्त झाली असून तिची योग्य ती दखल घेण्यात आली आहे.' सातही ब्राउझरांत अक्षर न् अक्षर सारखं. साहेबांच्या संगणकावर तर ते जरा ठळकच दिसलं.

त्याच आठवड्यात, एका रात्री जेवताना बायकोने बातमी दिली. "आईंचा फॉर्म मीच भरला आज फोनवरून. तुमच्या विभागाचं कौतुक करायला हवं. बटण दाबायच्या आत उत्तर आलं."

घाईत मास्तरांकडून एक चूक राहिली होती, उत्तर बटणाची वाट पाहत नव्हतं. पण आई एवढी आनंदली होती की ते त्यांच्याने सांगवेना.

"परत वाच गं एकदा," आई सुनेला म्हणाली.

"तुमची विनंती मिळाली आहे आणि योग्य ती दखल घेतली आहे."

"योग्य ती," आई समाधानाने म्हणाली. "म्हणजे कुणीतरी वाचून ठरवलं असणार."

मास्तरांना स्वतःची लाज वाटली. तिमाही संपली की पहिल्याच दिवशी 'नंतर' नावाची फाइल उघडायची, असं त्यांनी ताटावर बसूनच स्वतःला बजावलं, आणि स्वतःलाही ते हो, बघतो म्हणाले.

तिमाही थाटात संपली. एक विनंती हाताळायला आधी सरासरी नऊ दिवस लागत, आता डोळ्याचं पातं लवायच्या आत ती निकालात निघे. तक्रारी शून्यावर आल्या, कारण तक्रार ही एक विनंतीच असते आणि तिचीही योग्य ती दखल घेतली जाई. साहेबांना मानपत्र मिळालं. मास्तरांना त्याची झेरॉक्स मिळाली. आजूबाजूच्या गावांनी 'सुलभ' मागवलं. पहिले दोन टप्पे परत जोडण्याचा विषय मास्तरांनी काढला तेव्हा साहेब म्हणाले, "चालत्या गाडीला खीळ कशाला? तरी तुमचं म्हणणं असेल तर रीतसर वेबसाइटवर विनंती टाका. आता आतल्या विनंत्याही तिथूनच घ्यायच्या ठरल्यात."

मास्तरांनी टाकली. आपण स्वतः लिहिलेलं उत्तर त्यांना आलं.

डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीचे आता सहा दिवस उरले होते. मास्तरांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि इस्पितळ गाठलं. नोंदणीच्या खिडकीत एक गृहस्थ स्टेपलरमध्ये पिना भरत बसले होते.

"डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख हवी आहे. आईसाठी."

"वेबसाइटवरून घ्या."

"वेबसाइट नाव कुठेच पोहोचवत नाही. खात्रीने सांगतो. मीच लिहिली आहे ती."

गृहस्थांनी पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्ही लिहिली? फार छान चालते हो. माझ्या मेव्हण्याने नळासाठी विनंती टाकली होती, लगेच दखल घेतली."

"नळ आला?"

"नळ नाही आला. दखल घेतली."

"ते राहू द्या. तुम्ही आईचं नाव एका कागदावर लिहून डोळ्यांच्या डॉक्टरांना द्या, म्हणजे झालं."

"कागद दिला असता," गृहस्थ म्हणाले. "पण डोळ्यांचा विभाग बंद झाला. दोन महिन्यांत एकही नाव आलं नाही. शहरात कुणाला मोतीबिंदूच उरला नाही असा अहवाल वर गेला. डॉक्टरांची बदली झाली आणि खोलीत आता तुमच्या वेबसाइटचा मदत-कक्ष येतोय."

मास्तर तसेच कार्यालयात परत आले. तपासनीस बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता रजिस्टर बाजूला सारलं.

"पलीकडच्या गावात जा," त्या म्हणाल्या. "बसने दोन तास लागतात. तिथल्या इस्पितळात एक नर्सबाई अजून वहीत नाव लिहून घेतात आणि चौथ्या दिवशी ऑपरेशन होतं. माझ्या मावशीचं झालं. पण सोमवारच्या आत जा. सोमवारी तिथे 'सुलभ' बसतंय, मला तपासणीला बोलावलं आहे. आज शुक्रवार."

घरी आई खिडकीपाशीच होती. शब्दकोडं मांडीवर घडी करून ठेवलं होतं. पेन्सिलही जवळ नव्हती.

"कोण? तू का?" तिने विचारलं. मास्तर तिच्यापासून दोन हातांवर उभे होते.

मास्तर खाली बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. चौदा टप्पे, तीन चौकोन, डस्टर, चार ओळी, बंद झालेला विभाग. पलीकडच्या गावची वही आणि सोमवारही सांगितला. आईने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"मला आधीच कळलं होतं," शेवटी ती म्हणाली. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणीतरी वाचलं असेल. मग रोज संध्याकाळी सुनेकडून वाचून घेत गेले. आठव्या-दहाव्या दिवशी ओळखीचं वाटायला लागलं. म्हटलं, हे आपल्या घरातलंच उत्तर आहे. फक्त भाषा कचेरीची आहे."

मास्तरांनी नाक ओढलं.

"रडू नकोस. मला काही राग नाही आला," आई म्हणाली आणि हाताने चाचपून त्यांचा खांदा शोधला. "उद्या सकाळच्या बसने नेशील का तेवढं? उजवा गेलाच म्हण, पण डावा तरी राहील. शब्दकोडं एका डोळ्यानेही सुटतं."

त्याच वेळी मास्तरांच्या खिशात फोन थरथरला. साहेबांचा निरोप होता: पलीकडच्या गावी सोमवारी 'सुलभ' बसवायचं आहे, तयारीसाठी उद्या सकाळी कार्यालयात यावं. मास्तरांनी तो वाचला. उत्तर काय द्यावं याचा विचार करत त्यांचा अंगठा अक्षरांवर फिरू लागला.

"ऐकतोयस ना रे? नेशील ना?"

"हो आई, बघतो," मास्तर फोनमधून मान न काढता म्हणाले.

इथे मास्तरांचा संताप येणं साहजिक आहे आणि तो जरूर यावा. फक्त एक आठवून पाहावं. तुम्ही ही गोष्ट वाचत असताना मघाशी आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं. काय सांगितलं ते कदाचित तुमच्या लक्षात नसेल, पण तुम्ही उत्तर दिलंत, आणि ते माणूस निमूटपणे परत गेलं.